वर्गातली रीफ टँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी आहे, म्हणजेच रीफ टँक. तिच्यात मऊ प्रवाळ, एक डंकन प्रवाळ, दोन क्लाउनफिश, एक गोबी, काही कोळंब्या आणि गोगलगायी आहेत. टाकी बघायला येणारे शिक्षक, काळजीत पडलेले पालक, परवानगी देण्याआधी सतरा शंका काढणारे वरिष्ठ आणि सगळ्यात जास्त मुलं, यांनी जे जे विचारलं ते इथे आहे. माझ्याकडून झालेल्या चुकाही सांगितल्या आहेत, म्हणजे तुमच्याकडून त्या तरी व्हायला नकोत.

गोड्या पाण्याची टाकी सोपी असते. मग हा खटाटोप कशासाठी?

वर्ग सजवायचा एवढाच हेतू असेल तर गोड्या पाण्याचीच टाकी घ्या, ती सुंदर दिसते आणि चुका पोटात घालते. रीफ टँकमध्ये दर आठवड्याला मोजमाप करावं लागतं, आणि नेमकं त्याच्यासाठीच मला ती वर्गात हवी होती. क्षारता, घनता, बाष्पीभवन, आम्ल-अल्कली, सहजीवन, अन्नसाखळी हे सगळे धडे पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. टाकीत ते एकाच वेळी चालू असतात आणि एकाचा धक्का दुसऱ्याला बसतो. शिवाय प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही, तरी सागरी जीवांच्या जवळपास पाव हिस्सा जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतात. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतात. टाकीसमोर उभं राहून सांगितलं की प्रश्न विचारतात.

प्रवाळ म्हणजे दगड, झाड की प्राणी?

प्राणी. जेलीफिश आणि समुद्रफुलं यांच्या संघातला. पहिल्या दिवशी मी मुलांना यावर मतदान करायला लावते आणि उत्तर सांगत नाही. पुढे प्रवाळ आले आणि रुळले की एकेकाच्या हातात भिंग देते आणि ड्रॉपरने ब्राइन श्रिंपचा (माशांना खायला घालतात त्या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांचा) एखादा थेंब डंकनच्या तोंडाशी सोडते. आधी काहीच होत नाही. मग एक शुंडक वाकतं, दुसरं वाकतं, सगळी झालर आतल्या बाजूला वळते, मधली फट उघडते आणि तो गुलाबी कण आत जातो. याला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढा वेळ वर्गात कुणी बोलत नाही. ते पाहिल्यावर मतदान पुन्हा घ्यावं लागत नाही.

दगड म्हणणारी मुलंही अगदीच चुकलेली नसतात. दगडी प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात आणि प्रवाळभिंत त्याच सांगाड्यांवर उभी राहते. झाड म्हणणाऱ्यांच्याही पदरात थोडं माप टाकायला हवं, कारण प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशसंश्लेषण करतं आणि यजमानाला लागणारी बहुतेक ऊर्जा पुरवतं. कित्येक जातींत तर नव्वद टक्क्यांपर्यंत. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या जेमतेम एक अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरे पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. 1998 आणि 2016 या वर्षांत ते जगभरच्या समुद्रांत झालं. मुलांना ‘एक अंश’ ही गोष्ट क्षुल्लक वाटते, म्हणून थर्मामीटर टाकीच्या काचेवर सगळ्यांना दिसेल असाच लावा.

टाकी केवढी घ्यावी?

दीडशे ते दोनशे लिटर. लहान टाकी सोपी पडेल असं सगळ्यांना वाटतं, पण उलट आहे. पाणी जितकं कमी तितकं तापमान आणि क्षारता लवकर वरखाली होते. तीस लिटरच्या टाकीत शुक्रवारी राहिलेली चूक सोमवारी सकाळी प्रेत होऊन समोर येते. फार मोठी टाकी घेतली तर दर आठवड्याला बदलायचं पाणी एकट्या शिक्षकाला आणि चार मुलांना झेपत नाही.

ती वर्गात कुठे ठेवायची?

आधी वजनाचा विचार करा. दीडशे लिटर खारं पाणी दीडशे किलोहून अधिक भरतं. काच, खडक आणि स्टँड धरून सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं. भरलेली टाकी सरकवता येत नाही, त्यामुळे जागा एकदाच ठरते. वरच्या मजल्यावर वर्ग असेल तर बांधकामाची माहिती असणाऱ्याला विचारूनच, आणि भार पेलणाऱ्या भिंतीला लागून ठेवा. बाकावर किंवा कपाटावर अजिबात नको.

खिडकीतलं थेट ऊन नको: शैवाल माजतं आणि पाणी तापतं. दाराच्या वाटेत नको, कारण मधल्या सुट्टीची घंटा झाली की मुलं पाण्याच्या लोंढ्यासारखी बाहेर पडतात. टाकी फळ्याशेजारीही ठेवू नका. मी पहिल्या वर्षी हौसेने ती समोर मांडली होती. त्या वर्षी फळ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

स्वयंपाकाचं मीठ चालेल का? समुद्राचं पाणी आणलं तर?

स्वयंपाकाचं मीठ चालणार नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे 55 टक्के क्लोराइड आणि 31 टक्के सोडियम असतं, म्हणजे मिठाचे दोन घटक मिळून 86 टक्के होतात. उरलेल्या 14 टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि इतर बरंच काही येतं, आणि प्रवाळाचा जीव त्या 14 टक्क्यांवर आहे. मत्स्यालयासाठी तयार केलेलं सागरी मीठच घ्या. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम लागतं, म्हणजे दीडशे लिटरला साडेपाच किलोच्या घरात.

किनाऱ्याजवळचं पाणी आणू नका. त्यात सांडपाणी, तेल आणि नद्यांतून वाहून आलेली खतं असू शकतात, आणि पावसात त्याची क्षारताही बदलते.

नळाचं पाणी का नको?

त्यात क्लोरीन असतं, कुठे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कुठे जुन्या नळांतून आलेलं तांबं. माणसाला पिण्यापुरतं ते ठीक असतं, पण कोळंबी आणि गोगलगायींना तांब्याचा अंशही सोसत नाही. आरओ-डीआय (आधी बारीक पडद्यातून गाळून मग उरलेले क्षारही काढणाऱ्या) गाळणीतून काढलेलं, टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले पदार्थ मोजणाऱ्या मीटरवर, शून्याच्या आसपास दाखवणारं पाणी वापरा. शाळेत पिण्यासाठी बसवलेला आरओ त्यासाठी पुरत नाही. डीआयचा टप्पा वेगळा लावावा लागतो.

क्षारता किती हवी, आणि पाणी कमी झालं की खारं पाणी घालायचं का?

हजार ग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम क्षार. पंचवीस अंशाला विशिष्ट घनता 1.026 च्या आसपास येते. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता सांगतो. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा फसवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतः काढू द्या. टाकीतून वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागे राहतं. माझ्या टाकीतून रोज दोनेक लिटर पाणी उडतं. पाच दिवस काहीच घातलं नाही तर 150 लिटरचे 140 होतात आणि क्षारता 35 वरून साडेसदतीसवर जाते. तेव्हा भरपाई करायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने. खारं पाणी घातलं तर प्रत्येक वेळी थोडं थोडं मीठ साचत जाईल. काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी आणणं हे माझ्या वर्गात पाळीने करायचं काम आहे, आणि त्यासाठी मुलं वेळेआधी येतात.

टाकी भरली. मासे कधी सोडायचे?

या पानावरचा हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर लांब आहे. कमीत कमी चार ते सहा आठवडे थांबायचं, आणि टाकी तयार नसेल तर त्याहूनही जास्त.

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेलं काहीही कुजलं की अमोनिया तयार होतो. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्यामुळे तो गोड्या पाण्यापेक्षा इथे कितीतरी अधिक विषारी ठरतो. निसर्गात जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. ते खडकाच्या छिद्राछिद्रांत वाढावे लागतात आणि ते सावकाश वाढतात. तुम्ही कितीही चांगलं सामान आणलंत तरी हा वेळ द्यावाच लागतो.

मासे न घालता हे चक्र सुरू करायचं. बाटलीतले जिवाणू घालायचे आणि अमोनियम क्लोराइडचे थेंब मोजून टाकायचे, अमोनिया 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होईपर्यंत. बिचारा एखादा स्वस्त मासा सोडून त्याच्या जिवावर चक्र चालवण्याची जुनी पद्धत अजून काही जण सांगतात. वर्गात ती नकोच. आपण मुलांना काय दाखवतोय याचा विचार करा.

मग दर दोन दिवसांनी चाचणी. आम्ही भिंतीवर मोठा आलेख कागद लावतो आणि तीन रंग ठरवतो: अमोनिया लाल, नायट्राइट जांभळा, नायट्रेट नारिंगी. पहिल्या आठवड्यात लाल रेघ तशीच वर असते आणि मुलं कंटाळतात. एक दिवस ती खाली झुकते आणि जांभळी उठते. मग जांभळीही उतरते, नारिंगी चढत जाते. सकाळी 2 पीपीएम अमोनिया घातला आणि चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार समजायची. डोळ्यांना न दिसणारे जीव काम करताहेत हे त्या तीन रेघांतून दिसतं. एक मुलगा रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या टाकीसमोर उभा राहायचा. काय बघतोस विचारलं तर म्हणाला, “बाई, काहीच दिसत नाही, पण रेघ खाली आलीय.”

पहिल्या वर्षी मी घाई केली होती. स्नेहसंमेलनाला पाहुणे यायचे होते, टाकीत मासे हवेत असा आग्रह झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात मी तीन मासे सोडले. एकही वाचला नाही. तेव्हापासून रिकाम्या टाकीचे सहा आठवडे हा माझ्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि कुणी कितीही सांगितलं तरी मी ते कमी करत नाही.

जिवंत खडक घ्यावा की कोरडा?

वर्गासाठी कोरडा. समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकाबरोबर जिवाणू तयार मिळतात, पण काटेरी किडे, आक्रमक खेकडे आणि एप्टेशिया नावाचं काढता न निघणारं समुद्रफूलही येतं. कोरड्या खडकावर सगळं शून्यापासून वाढतं आणि मुलांना ते वाढताना दिसतं. खडक टाकीच्या तळावर ठेवा, वाळू नंतर घाला. वाळूवर ठेवलेला खडक गोबी खालून खणते आणि ढिगारा कोसळतो.

कोणती उपकरणं लागतात?

थर्मोस्टॅटचा हीटर, आणि उष्ण हवामान असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा किंवा चिलर. तापमान 24 ते 27 अंशांत राहिलं पाहिजे. त्यातही आकडा 25 आहे की 26 यापेक्षा तो स्थिर आहे का, याला महत्त्व आहे. पाणी खेळतं ठेवणारे एक-दोन वेव्हमेकर: मऊ प्रवाळांना ताशी टाकीच्या दहा ते वीस पट प्रवाह पुरतो. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसासकट बाहेर काढतो. त्याच्या कपातलं तपकिरी, उग्र वासाचं पाणी मुलांना एकदा जरूर दाखवा. प्रवाळांसाठी निळ्या-पांढऱ्या रंगाचा एलईडी दिवा, टायमरवर, दिवसाला आठ ते दहा तास.

हाताशी पैसे कमी असतील तर दिव्यावर किंवा शोभेच्या वस्तूंवर घालवण्यापेक्षा आरओ-डीआय, चाचणीसंच आणि जास्तीच्या पंपावर घालवा.

कोणते प्रवाळ घ्यावेत?

सुरुवातीला मऊ: मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया. झेनियाच्या मुठी सारख्या उघडतात आणि मिटतात. मिनिटाला किती वेळा, हे मुलांना घड्याळ लावून मोजायला द्या, सकाळी आणि दुपारी वेगळं. ती झपाट्याने पसरते, म्हणून तिचा खडक बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. लेदर प्रवाळ अधूनमधून चारपाच दिवस मिटून बसतं आणि त्याच्या अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो. ते आजारी नसतं, कात टाकतं. थोडा प्रवाह वाढवला की पापुद्रा निघून जातो.

आठ-दहा महिन्यांनी सगळं स्थिर असेल तर एखादा डंकनसारखा मोठ्या पॉलिपचा (पॉलिप म्हणजे तोंड आणि शुंडकं असलेला प्रवाळातला एकेक जीव) दगडी प्रवाळ आणा. अ‍ॅक्रोपोरा वगैरे नाजूक प्रवाळ वर्गासाठी नाहीत.

झोअँथिड, म्हणजे बटणांसारखे दिसणारे छोटे पॉलिप, मात्र आणू नका. ते रंगीत, स्वस्त आणि चिवट असतात म्हणून विक्रेते नवख्यांना तेच सुचवतात, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. जखमेतून किंवा डोळ्यांतून ते शरीरात जाऊ शकतं, आणि असा खडक उकळला किंवा गरम पाण्याने घासला तर वाफेतूनही. मोठ्यांनी घरी हातमोजे, चष्मा घालून ते पाळणं वेगळं. चाळीस मुलांच्या खोलीत त्यांना जागा नाही.

आणि मासे?

दीडशे लिटरला तीन, फार तर चार लहान मासे. क्लाउनफिशची जोडी सगळ्यांत उत्तम. ते काटक असतात, पैदास केलेले मिळतात आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतात. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही, आणि वर्गातल्या टाकीत ते ठेवूही नका. समुद्रफूल जागा बदलत फिरतं, पंपात अडकून फाटतं आणि एका रात्रीत सगळी टाकी नासवतं. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, आणि मादी गेली तर नराचं मादीत रूपांतर होतं. हे सांगितल्यावर वर्गात जी चर्चा होते ती मी तासभर थांबवत नाही.

माझं स्वतःचं मन गोबी आणि पिस्तूल कोळंबीच्या जोडीवर आहे. कोळंबीला फार कमी दिसतं. ती दिवसभर बीळ खणते, वाळू ढकलत बाहेर आणते आणि बाहेर आली की आपली एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. गोबी दाराशी पहारा देते. कुणी काचेजवळ झटकन आलं की गोबीची शेपटी थरथरते आणि कोळंबी आत. मुलं ही जोडी बघायला आपणहून हळू चालायला शिकली; मला सांगावं लागलं नाही.

निळा टँग मुलं हमखास मागतात. तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला मोठी जागा लागते, म्हणून नाही. लायनफिशचे काटे विषारी, म्हणून तोही नाही.

जीव समुद्रातून पकडलेले असतील तर?

शक्यतो घेऊ नका. क्लाउनफिश, बांगाई कार्डिनल, कित्येक गोबी पैदास केलेले मिळतात आणि प्रवाळ तर दुसऱ्या टाकीतल्या प्रवाळाचा तुकडा म्हणून मिळतो. हा तुकडा, म्हणजे फ्रॅग, वर्गासाठी आदर्श. सगळे दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रं लागतात. तुमच्या देशाचा कायदा याहून कडक असू शकतो. कोणता जीव पाळायला परवानगी आहे हे खरेदीआधी तपासा, आणि विक्रेत्याकडून पावती व उगमाचा कागद मागून घ्या. तो कागद मी टाकीच्या वहीत चिकटवते.

नवा मासा थेट टाकीत कधीच नको. चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी आठ-दहा आठवडे माशांविना ठेवावी लागते, कारण त्यावरची तांब्याची औषधं रीफ टँकमध्ये घालता येत नाहीत.

वर्गातल्या हवेचा, धुळीचा काही त्रास होतो का?

होतो, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. चाळीस मुलं बंद खोलीत बसली की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो पाण्यात विरघळतो आणि पीएच उतरतो. एरवी दिवा लागल्यापासून दिवसभरात पीएच चढत जायला हवा. भरलेल्या वर्गात तो तसा चढत नाही. शाळेचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांची दर दोन तासांची मोजमापं शेजारी मांडा, फरक दिसेल. मग खिडक्या उघडून पुन्हा मोजा. कुठल्याही विकतच्या प्रयोगसंचात नसेल असा हा प्रयोग आहे.

खडूच्या धुळीने फारसं बिघडत नाही, पण झाकण ठेवा. खरी भीती फवाऱ्यांची. डास-झुरळं मारण्याचा फवारा कोळंबीला सरळ मारतो, आणि फरशी पुसायच्या औषधाची वाफ हवेच्या पंपातून पाण्यात जाते. आमच्याकडे एका सुट्टीत वर्गात कीटकनाशक फवारलं गेलं. कुणाची चूक म्हणावी, सफाई करणाऱ्या मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. आता दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, आणि मावशी टाकीच्या वहीत सही करणाऱ्यांपैकी एक आहेत.

मुलांनी कोणती कामं करायची?

जवळजवळ सगळी, पण मोजून. खाणं घालायला सगळ्यांनाच आवडतं आणि टाक्या मरतात त्या जास्त खाण्यानेच. आम्ही गोळ्या ठेवायची सात खणांची डबी वापरतो. सोमवारी मी खणांत चिमूट चिमूट खाणं भरते. त्या दिवशीचा खण रिकामा दिसला की काम झालं, दुसऱ्यांदा घालायचं नाही. डबी नव्हती तेव्हा एकाच दिवशी तीन वर्गांतल्या मुलांनी माशांवर माया केली होती.

पातळी, तापमान, क्षारता रोज. नायट्रेट आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) आठवड्याला. शुक्रवारी पंधरा लिटर पाणी बदलायचं. नवं पाणी आदल्या दिवशी मीठ घालून, पंप लावून, टाकीच्या तापमानाला आणून ठेवायचं. प्रत्येक नोंदीपुढे नाव लिहायचं. चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचा.

मुलांच्या सुरक्षेचं काय?

हाताला जखम असेल तर टाकीत हात नाही: पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम मरिनमसारख्या जिवाणूंमुळे चिवट त्वचासंसर्ग होतो. हात घालण्याआधी नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुवायचे, नंतर साबणाने. आधी साबण, सॅनिटायझर किंवा क्रीम लागलेलं नको. चाचणीसंचातली काही रसायनं दाहक असतात, म्हणून चष्मा, आणि बाटल्या कुलपात. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढायचं नाही.

विजेबाबत हयगय नको. टाकीच्या लाइनवर आरसीसीबी हवाच, म्हणजे करंट गळला की सप्लाय तत्क्षणी तुटतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. मीठ वायरवरून पांढऱ्या पापुद्र्यासारखं चढत जातं, ते दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, प्लग काढून.

वीज गेली तर?

आधी प्राणवायूचा विचार करा, तापमानाचा नंतर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीशेजारी कायम ठेवा. तो नसेल तर स्वच्छ जगने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहा. 1846 मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले आणि ते जगवले याच उपायाने: उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज, कितीतरी वेळ. ते काम बऱ्याचदा घरातली मोलकरीण करायची. माझी मुलं वीज गेली की आपोआप रांग लावतात, प्रत्येकाचे वीस जग.

लांब सुट्टीत कोण बघणार?

याचं उत्तर टाकी विकत घेण्याआधी लिहून ठेवा. उत्तर नसेल तर टाकी घेऊ नका. सुट्टीला दोन महिने उरले असतील तर सुरूही करू नका. वर्षाच्या सुरुवातीला करा. दोन मोठी माणसं हवीत, कारण एक जण आजारी पडतोच. पाण्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा आणि ठरावीक खाणं सोडणारा डबा मदत करतात, पण दोन-तीन दिवसांतून एकदा माणसाने येऊन बघायलाच हवं. पंप बंद पडला तर यंत्रणा तुम्हाला सांगायला येणार नाही.

टाकी तपकिरी झाली आहे. बिघडली का?

नाही. चक्रानंतर वाळूवर येणारी तपकिरी पूड म्हणजे डायटम नावाची सूक्ष्म शैवालं. काही आठवड्यांत जातात. नंतर हिरवं शैवाल येतं. त्यावर उपाय म्हणजे गोगलगायी, कमी खाणं, नियमित पाणीबदल. बाटलीतलं औषध ओतू नका. त्या तपकिरी पुडीचा एक थेंब काचपट्टीवर टाकून वर्गातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा, डायटमची काचेसारखी कवचं दिसतात.

मासा मेला तर मुलांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. लगेच बाहेर काढा, अमोनिया तपासा, वही उघडा आणि मुलांबरोबर मागचे दहा दिवस वाचा. कारण सापडलं तर लिहा, नाही सापडलं तर तेही लिहा. रातोरात तसाच मासा आणून ठेवू नका, मुलांना कळतं.

एका सोमवारी आमची क्लीनर कोळंबी वाळूवर पडलेली दिसली, लाल-पांढरा पट्टा, लांब मिशा, सगळं जागच्या जागी. दोन मुली रडल्या. मी चिमट्याने उचललं तर त्याला वजनच नव्हतं, आत कुणी नव्हतं. तेवढ्यात खडकामागून कोळंबी स्वतः बाहेर आली, आधीपेक्षा जरा मोठी. ती कात आता काचेच्या बशीत आमच्या कपाटात आहे.

शिक्षकाची बदली झाली किंवा टाकी बंद करायची असेल तर?

जीव दुसऱ्या शाळेला, जाणत्या हौशी पाळणाऱ्याला किंवा सार्वजनिक मत्स्यालयाला द्या. आधी बोलून ठेवा. समुद्रात, खाडीत किंवा गटारात काहीही सोडायचं नाही, ना मासा, ना प्रवाळ, ना खडक, ना शैवालाचा तुकडा. मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. मत्स्यालयांत वाढवलेलं कॉलर्पा शैवाल 1984 मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळलं. तिथून ते फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या किनाऱ्यांवर पोचलं. उरलेला खडक उन्हात पूर्ण वाळवा, पाणी ब्लीच घालून एक दिवस ठेवा आणि मगच सांडपाण्यात सोडा. नोंदींची वही मात्र टाकीबरोबर नव्या घरी पाठवा.